कोळसाचित्रातील भाव व प्रतीके

कोळशाच्या कांडीने कागदावर काढलेल्या, मुख्यतः गडद छटांच्या चित्रातून प्रत्ययास येणारी भावावस्था आणि त्यातील प्रतिमांना लाभणारा सूचक अर्थ यांचा उलगडा हा कलासमीक्षेतील एक महत्त्वाचा, तितकाच वादग्रस्त विषय होय. रंगचित्रात रंगच प्रेक्षकाला भावाची पहिली खूण देतो. कोळसाचित्रात ती सोय नसते. काळा, कागदाचा मूळ वर्ण आणि या दोहोंमधील करड्या छटा एवढ्याच सामग्रीवर सर्व आशय उभा राहतो. त्यामुळे अशा चित्रासमोर प्रेक्षक बहुधा दोन टोकांना जातो. चित्र काळे म्हणून ते दुःखाचे वा भीतीचे, असा निष्कर्ष तो काढतो. किंवा चित्रातील प्रत्येक वस्तूला प्रतीकांच्या कोशातील ठरीव अर्थ चिकटवतो. दोन्ही मार्गांनी चित्र पाहण्याची क्रिया सुरू होण्यापूर्वीच संपते. चित्रात प्रत्यक्ष काय आहे, ते माध्यमाच्या कोणत्या गुणांमुळे घडले आणि त्यावरून किती अनुमान करणे न्याय्य आहे, याचा क्रमाने विचार करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

माध्यम व त्याचे गुणधर्म : द्राक्षवेल, विलो यांसारख्या मऊ लाकडाच्या काटक्या बंद भांड्यात, हवेचा संपर्क टाळून तापविल्या म्हणजे त्यांतील पाणी व बाष्पनशील द्रव्ये निघून जातात आणि सच्छिद्र कार्बन शिल्लक राहतो. हाच चित्रकाराचा कोळसा. फ्रेंच भाषेत त्यास ‘फ्यूझँ’ म्हणतात. ज्या झुडपाच्या लाकडापासून तो तयार करीत, त्याचेच हे नाव आहे. कोळशाची भुकटी बंधकद्रव्यात मिसळून व दाबून केलेली कांडी अधिक काळी व चिवट असते. काँतेची कांडी ही तिच्यासारखी दिसत असली, तरी तिची घडण व तिचा मेणचट, घट्ट काळेपणा निराळा असतो.

साध्या कोळशात बंधक नसल्यामुळे त्याचे अनियमित कण कागदाच्या खरबरीत पृष्ठावर केवळ टेकून राहतात. ते बोटाने पसरविता येतात, चामड्याच्या तुकड्याने वा पिसाने झटकता येतात आणि पावाच्या मऊ गोळ्याने अथवा मळलेल्या रबराने उचलताही येतात. या एका गुणधर्मातून कोळसाचित्राची बहुतेक भावशक्ती उगम पावते. शाईची रेघ एकदा उमटली की माघार नसते. कोळशाची रेघ पुसली जाते. मात्र ती पूर्णपणे नाहीशी होत नाही, तिची धूसर छाया मागे उरते. चित्रकाराची शंका, दुरुस्ती आणि निर्णय हे सर्व कागदावर साठत जातात.

दुसरा गुणधर्म प्रकाशासंबंधी आहे. कोळसाचित्रातील उजेड हा प्रायः कोऱ्या कागदाचाच असतो. चित्रकार तो दोन रीतींनी मिळवितो. पहिल्या रीतीत कागदाचा काही भाग राखून भोवती काळोख रचला जातो. दुसरीत सर्व कागद आधी कोळशाने माखून नंतर हव्या त्या ठिकाणचे कण उचलून प्रकाश मोकळा केला जातो. पहिल्या रीतीच्या चित्रात काळोख वस्तूंवर चढत आलेला भासतो. दुसरीत प्रकाश काळोखातून वर येतो. कडा पाहिल्यास हा भेद बहुधा ओळखता येतो. राखलेल्या प्रकाशाची कड स्वच्छ असते, तर उचललेल्या प्रकाशात करड्या कणांचा अंश उरतो. एकाच विषयाची दोन चित्रे या फरकामुळे भिन्न भावाची होऊ शकतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्रबोधनकालीन यूरोपात कोळशाचा उपयोग मुख्यतः पूर्वरेखाटनासाठी होई, कारण चुकलेली रेघ झटकून टाकणे सोपे होते. तथापि स्वतंत्र मूल्य असलेली कोळसाचित्रेही त्या काळी निर्माण झाली. आल्ब्रेख्त ड्यूररने १५१४ साली काढलेले आपल्या आईचे व्यक्तिचित्र हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. ते आता बर्लिनच्या संग्रहात आहे. हडकुळा गळा, कपाळावरच्या सुरकुत्या व बाजूला वळलेली नजर यांत मृदू करण्याचा यत्किंचितही प्रयत्न नाही. चित्रावर ड्यूररने ती त्रेसष्ट वर्षांची असल्याची नोंद कोळशाने केली. त्याच वर्षी ती वारली तेव्हा मृत्यूची नोंद त्याने शाईने वाढविली. चित्रातील एकही रेघ न बदलता या दुसऱ्या नोंदीने त्याचा भाव पालटला. जे निरीक्षण होते, ते स्मरण झाले. चित्राबाहेरील माहिती अर्थबोधात कशी शिरते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकात कोळशाचे कण कागदाला धरून ठेवणारे राळयुक्त स्थिरक द्रव प्रचारात आले आणि फ्रान्समध्ये कोळसाचित्राला पूर्ण चित्राची प्रतिष्ठा लाभली. माक्सीम लालान याने १८६९ मध्ये या तंत्रावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यापुढच्या दोन दशकांत ऑदिलाँ रदाँने (१८४०–१९१६) काढलेली कोळसाचित्रे हा प्रस्तुत विषयाच्या अभ्यासाचा सर्वांत समृद्ध आधार आहे.

भावनिर्मितीची साधने : चित्राचा भाव हा विषयात नसून मांडणीत असतो, हे येथे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. रिकामी खुर्ची हा विषय उदासही होऊ शकतो आणि प्रसन्नही. भाव निश्चित करणारे घटक मुख्यतः पाच आहेत.

(१) छटांचा पल्ला : चित्रातील सर्वांत गडद व सर्वांत उजळ छटा यांमधील अंतर जितके मोठे, तितका नाट्याचा प्रत्यय अधिक. सर्व छटा गडद बाजूला एकवटल्या असतील व त्यांत तीव्र विरोध नसेल, तर चित्र बहुधा स्तब्ध, अंतर्मुख वाटते. (२) प्रकाशाचे स्थान : प्रकाश चेहऱ्यावर पडला आहे की पाठीमागे आहे, वरून येतो की खालून, त्याचा उगम चित्रात दिसतो की नाही, यांवर पुष्कळ अवलंबून असते. उगम न दाखविता वस्तूच उजळलेली असल्यास ती स्वयंप्रकाशी, म्हणून काहीशी अलौकिक भासते. (३) कडा : स्पष्ट कडा वस्तूला वेगळेपण देतात, विरलेल्या कडा तिला भोवतालात मिसळून टाकतात. माणसाची आकृती कोठे विरते हे पाहणे अनेकदा तिचा चेहरा पाहण्याइतकेच बोलके असते. (४) हाताचा दाब व गती : कांडी आडवी धरून हळुवार फिरविलेला थर आणि टोकाने जोरात ओढलेली वेडीवाकडी रेघ यांतून चित्रकाराच्या शरीराची हालचालच प्रेक्षकापर्यंत पोहोचते. (५) अवकाश व प्रमाण : आकृती चौकटीत कोंडली आहे की विस्तीर्ण पोकळीत एकाकी आहे, आणि तिचा आकार नेहमीच्या अनुभवाशी जुळतो की नाही, हेही भावनिर्णायक असते.

काळोख म्हणजे भय वा शोक हे समीकरण या घटकांपुढे टिकत नाही. रदाँचाच समकालीन झॉर्झ सरा (१८५९–९१) याने १८८२–८३ च्या सुमारास काढलेले, भरतकामात गढलेल्या आपल्या आईचे चित्र पाहावे. माध्यम काँतेची कांडी आहे, पण प्रश्न तोच आहे. चित्र जवळजवळ पूर्णपणे गडद आहे, बाह्यरेषा नावालाही नाही. खरबरीत कागदाच्या उंचवट्यांवर काळे कण अडकून व खळगे कोरे राहून आकृती घडते. तरीही त्यात भीतीचा लवलेश नाही. छटांची संक्रमणे संथ आहेत, डोके खाली झुकलेले आहे, प्रकाश हातातील कामाकडे ओढलेला आहे. येथील काळोख घरातील संध्याकाळच्या निवांतपणासारखा आहे.

काळ्या रंगाचा सांकेतिक अर्थ : प्रेक्षक चित्रासमोर रिकाम्या मनाने येत नाही, आपल्या संस्कृतीतील रंगसंकेत तो बरोबर आणतो. पश्चिम यूरोपात काळा हा दीर्घकाळ शोकवस्त्राचा रंग होता, त्याचप्रमाणे धर्मोपदेशकाच्या व न्यायाधीशाच्या अधिकाराचाही होता. भारतीय परंपरेत भरताच्या नाट्यशास्त्राने प्रत्येक रसाला वर्ण नेमून दिला आहे. त्यात भयानकाचा वर्ण कृष्ण असला, तरी करुणाचा वर्ण पारव्यासारखा करडा आहे आणि शृंगाराचा श्याम. म्हणजे शोकासाठी काळा नव्हे, तर करडा. ही सूक्ष्म जाण कोळसाचित्राच्या अभ्यासकाला विशेष उपयोगी आहे, कारण कोळशाची खरी श्रीमंती करड्या छटांतच असते. मराठी भाषिकाच्या मनात तर काळ्याचे संकेत आणखी गुंतागुंतीचे आहेत. मंगल प्रसंगी वर्ज्य मानलेला हा रंग संक्रांतीच्या चंद्रकळेत शुभ ठरतो. तान्ह्या मुलाची तीट त्याला दृष्टीपासून राखते. कसदार जमिनीस शेतकरी काळी आई म्हणतो आणि पंढरीचा विठ्ठल सावळा म्हणूनच आपला वाटतो. हे सर्व संकेत खरे आहेत. पण ते प्रेक्षकाचे आहेत. एखाद्या फ्रेंच वा जर्मन चित्रावर ते लादण्यापूर्वी चित्रातील पुरावा त्यांना साथ देतो काय, हे पाहिले पाहिजे.

रदाँची कृष्णचित्रे : रदाँचा जन्म बॉर्दो येथे झाला. त्याच्या बालपणाचा बराच काळ मेदॉक भागातील पेर्लबाद या कौटुंबिक मळ्यावर, वडीलधाऱ्या नातलगाच्या देखरेखीखाली, एकांतात गेला. उत्कीर्णक रॉदॉल्फ ब्रेदँ याच्याकडून त्याने सूक्ष्म रेखनाचे व कल्पनाचित्रणाचे संस्कार घेतले, तर वनस्पतिशास्त्रज्ञ आर्मां क्लाव्हो याच्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालील जीवसृष्टी व वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमेवरील जीवन यांकडे त्याचे लक्ष वेधले. १८७०–७१ च्या फ्रँको-प्रशियन युद्धात त्याने सैनिक म्हणून भाग घेतला. त्यानंतरच्या सुमारे वीस वर्षांत त्याने प्रामुख्याने कोळसा व शिलामुद्रण या माध्यमांतच काम केले. या चित्रांना तो स्वतः ‘नुआर’ म्हणजे ‘काळी’ म्हणत असे. काळा हा सर्वांत मूलभूत रंग असून त्याचा आदर राखला पाहिजे, अशी त्याची धारणा होती. आपली चित्रे व्याख्या करीत नाहीत, संगीताप्रमाणे ती मनाला अनिश्चिताच्या प्रदेशात नेतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. त्याचे हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच्या हसणारा कोळी या १८८१ मधील कोळसाचित्रात (ऑर्से संग्रहालय, पॅरिस) एक प्रचंड, केसाळ, गोलाकार काळा देह चौकटीत ठाण मांडून आहे. त्या देहावरच चेहरा आहे. दात दाखवीत तो हसतो आहे आणि डोळे वर फिरले आहेत. पाय बारीक, आखूड व लवचिक आहेत. मोजून पाहिले तर ते आठ नसून दहा आहेत. पार्श्वभूमी देहापेक्षा बरीच उजळ आहे.

प्रथम भाव पाहू. चित्रातील सर्वांत गडद छटा कोळ्याच्या देहात एकवटली आहे, त्यामुळे तो जड वाटतो. पण इतके जड शरीर इतक्या नाजूक पायांवर तोललेले असल्याने या जडपणाला उडी मारण्याच्या तयारीचीही जोड मिळते. भोवती जाळे नाही, भक्ष्यही नाही. कोळी अंधारात लपलेला नसून उजेडात उघड बसला आहे. काळोख भोवताली नाही, तो त्या प्राण्याच्या आतच आहे. कोळशाचे पसरविलेले मऊ थर त्याच्या केसाळ पृष्ठाला स्पर्शाचा प्रत्यय देतात. किळस व कुतूहल यांच्या सीमेवर प्रेक्षक थबकतो. त्यातच ते हसू येते आणि भयाचे सरळ रूप मोडते. उरतो तो अस्वस्थ करणारा विनोद.

आता प्रतीकाचा विचार. यूरोपीय परंपरेत कोळी हे कपट, सापळा व धूर्त कारस्थान यांचे रूढ प्रतीक आहे. त्यावरून हे चित्र दुष्टपणाचे रूपक ठरविणे सोपे आहे. परंतु त्याच वर्षी रदाँने रडणारा कोळी हेही कोळसाचित्र काढले. त्यात तसाच देह व तसेच पाय, पण चेहरा माणसाचा, गालावर अश्रू असलेला. कोळी म्हणजे कपट हा ठरीव अर्थ पहिल्या चित्राला कसाबसा लागू केला, तरी दुसऱ्या चित्रात तो पूर्णतः निकामी होतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे प्रतीकाचा रोख कोळ्यावर नसून देह व मुद्रा यांच्या विसंगत संयोगावर आहे, हे ध्यानी येते. तिरस्करणीय मानलेल्या शरीरात मानवी सुखदुःख कोंडलेले आहे, आणि प्रेक्षकाला त्या शरीराचा तिटकारा व त्या मुद्रेची ओळख या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सोसाव्या लागतात. क्लाव्होच्या सहवासात रदाँने जीवजातींमधील सीमारेषांविषयी जे चिंतन केले, त्याच्याशी हा अर्थ जुळतो. १८८१ च्याच निवडुंग मनुष्य या चित्रात काटे फुटलेले मानवी मस्तक कुंडीत रोवलेले दाखविले आहे, तेही या वाचनाला पुष्टी देते. दहा पायांकडेही या दृष्टीने पाहता येईल. हा निसर्गातील कोळी नव्हे, अशी ती एक शांत सूचना आहे. मात्र दहा या आकड्यात गूढार्थ शोधण्यास चित्रात अन्य आधार नाही.

या चित्रांच्या ग्रहणाचा इतिहासही उद्बोधक आहे. कादंबरीकार झॉरीस-कार्ल ह्यूईस्मांस याने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आ रबूर (म. शी. प्रवाहाविरुद्ध) या कादंबरीत नायकाच्या घरी रदाँची चित्रे टांगलेली दाखविली. मानवी चेहऱ्याचा कोळीही त्यांत आहे. ज्वर, भास व दुःस्वप्न यांच्या भाषेत त्याने ती वर्णिली. या वर्णनाने रदाँला कीर्ती मिळवून दिली, पण त्याबरोबर विकृत स्वप्नांचा चित्रकार हे बिरुदही चिकटले. कोळ्याचे हसू या वर्णनात हरवले. एका प्रभावी लेखकाचे वाचन पुढच्या अनेक प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे असे पडद्यासारखे उभे राहते.

डोळा-फुगा (१८७८, म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट, न्यूयॉर्क) या चित्रातील प्रतीकाचा विचार निराळ्या वाटेने करावा लागतो. क्षितिजावर तरंगणारे विमान-फुग्याच्या आकाराचे वरच्या दिशेने पाहणारे बुबुळ, आणि त्याखाली लोंबणाऱ्या तबकात मस्तकाचा भाग, अशी ही प्रतिमा आहे. १८७०–७१ च्या वेढ्यात अडकलेल्या पॅरिसमधून टपाल व माणसे फुग्यांतूनच बाहेर पाठविली जात. म्हणून त्या पिढीच्या प्रेक्षकांना फुगा ही केवळ करमणुकीची वस्तू नव्हती. डोळ्याला ज्ञानाचे व ईश्वरी साक्षीचे जुने संकेत आहेतच. पण चित्राचा भाव या संकेतांवरून ठरत नाही. डोळा प्रेक्षकाकडे पाहत नाही, तो वर पाहतो. खालची भूमी रिती व काळसर आहे. आणि जडत्वातून सुटण्याची ही गती मस्तकाचे ओझे घेऊनच चालली आहे. मुक्ती व भार यांचा हा ताण दृश्य पुराव्यातून येतो. युद्धाची आठवण त्याला खोली देते, पण त्याची जागा घेऊ शकत नाही.

रदाँचा पहिला मुलगा १८८६ मध्ये अर्भकावस्थेत वारला आणि १८८९ मध्ये दुसरा जन्मला. १८९० नंतर त्याच्या कामात रंग वाढत गेले. १८९७ मध्ये पेर्लबाद विकले गेले आणि पुढील काळात खडूरंगांतील व तैलरंगांतील फुलांच्या तेजस्वी चित्रांसाठी तो ओळखला जाऊ लागला. या क्रमावरून दुःख म्हणजे काळा व सुख म्हणजे रंग असे सूत्र मांडण्याचा मोह होतो. परंतु कोळी, डोळा-फुगा व निवडुंग मनुष्य ही चित्रे पुत्रनिधनाच्या कितीतरी आधीची आहेत. चरित्र हे चित्राचे कारण मानण्यापूर्वी तारखा ताडून पाहणे, हा अर्थबोधाचा प्राथमिक नियम होय.

अन्य उदाहरणे : जर्मन चित्रकर्ती केटे कोलव्हित्स (१८६७–१९४५) हिने १९३३ मध्ये कोळशात स्वतःचे पार्श्वदर्शी व्यक्तिचित्र काढले (नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट, वॉशिंग्टन). त्याच वर्षी नाझी सत्तेमुळे तिला प्रशियन कला अकादमीतून बाहेर पडावे लागले. चित्रात चेहरा संयमाने घडविला आहे. हात कोळसा धरून फलकाशी पोहोचला आहे. आणि चेहरा व हात यांना जोडणारी बाही मात्र जोरकस नागमोडी रेघांनी एका झपाट्यात ओढली आहे. शरीररचनेचा तपशील वगळून तेथे केवळ शक्तीचा प्रवाह दाखविला आहे. विषय वार्धक्य असूनही भाव खचलेला नाही, निग्रहाचा आहे. आणि तो निग्रह चेहऱ्यापेक्षा बाहीच्या रेघेत आहे. येथे कोणतीही सांकेतिक वस्तू नाही. रेघ हेच प्रतीक झाले आहे.

दक्षिण आफ्रिकेतील विल्यम केंट्रिज (जन्म १९५५) याने १९८९ पासून कोळसाचित्रांचे चलत्पट तयार केले. एकाच कागदावर चित्र काढणे, छायाचित्र घेणे, काही भाग पुसणे व पुन्हा काढणे अशी त्याची रीत आहे. पुसलेल्या आकृतीची छाया पुढच्या प्रत्येक चौकटीत मागे रेंगाळते. फेलिक्स इन एग्झाइल (१९९४) या कृतीत मरून पडलेले देह हळूहळू भूप्रदेशात विरून जातात. वर्णभेदाची राजवट संपून पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्याच्या सुमारास ही कृती पूर्ण झाली. विसरणे व पूर्णपणे विसरू न शकणे हा आशय येथे कोळशाच्या भौतिक गुणधर्मातूनच सिद्ध होतो.

अर्थबोधाची पद्धती : कलेतिहासकार एर्व्हिन पॅनॉफ्स्की याने १९३९ मध्ये अर्थाचे तीन स्तर कल्पिले : दृश्य वस्तूंची व भावमुद्रांची ओळख, रूढ संकेतांची ओळख आणि कालखंडाच्या व व्यक्तीच्या मूलभूत वृत्तीचा शोध. प्रबोधनकालीन धार्मिक चित्रांसाठी आखलेली ही पद्धती कोळसाचित्रांस लावताना पहिल्या स्तरावर अधिक काळ थांबावे लागते, कारण रदाँसारख्या चित्रकारांची प्रतीके रूढ नसून स्वनिर्मित असतात. व्यवहारात पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम अर्थवाचक शब्द टाळून चित्राचे वर्णन करावे; ‘दुष्ट हसू’ न म्हणता ‘दात दिसत आहेत’ असे म्हणावे. नंतर डोळे किंचित मिटून केवळ गडद व उजळ भागांचे मोठे आकार पाहावेत. एखादा उजळ भाग कागदाच्या कपट्याने झाकून भाव बदलतो काय, याची परीक्षा घ्यावी. ज्या भागाच्या झाकण्याने चित्र कोसळते, तो भावाचा आधार होय. त्यानंतर त्याच चित्रकाराच्या जवळच्या काळातील कृती शेजारी ठेवाव्यात. चरित्र, सामाजिक घटना व रूढ संकेत यांना सर्वांत शेवटी पाचारण करावे.

सांकेतिक अर्थ स्वीकारण्याची कसोटीही सांगता येते. जो अर्थ चित्रातील अधिकाधिक दृश्य घटकांचा उलगडा करतो, कोणत्याही ठळक घटकाशी विसंगत ठरत नाही आणि चित्रात बदल झाला असता जो स्वतःही बदलला असता, तो ग्राह्य. याउलट जो अर्थ कोणत्याही काळ्या चित्राला सारखाच लागू पडेल, तो त्या चित्राविषयी काहीच सांगत नाही. या कसोटीवर एकाहून अधिक अर्थ उतरू शकतात. पण म्हणून वाटेल तो अर्थ उतरतो असे नव्हे. चित्रकाराची मनोविकृती चित्रावरून निदान करण्याचा प्रघात तर सर्वस्वी टाळावा. अंधार रेखाटणारा हात अनेकदा अत्यंत शांत व शिस्तबद्ध असतो. छटांची इतकी सूक्ष्म संक्रमणे क्षोभाच्या भरात साधत नाहीत.

काळाचा परिणाम व प्रतिकृती : कोळशाचा कार्बन प्रकाशाने विटत नाही, परंतु कागद व स्थिरक द्रव बदलतात. रदाँने पुष्कळदा रंगीत छटेचे कागद वापरले व चित्र चालू असतानाच राळयुक्त स्थिरकाचे थर दिले. कागदांचे मूळ रंग फिके होऊन व राळ पिवळी पडून त्यांपैकी काही चित्रांना आज सोनेरी-तपकिरी झाक आली आहे. या उबदार झाकेतून प्रेक्षकाला जुन्या आठवणींचा हळवा भाव जाणवतो. पण त्यातील काही भाग चित्रकाराचा नसून काळाचा आहे. छापील प्रतिकृतींत धोका आणखी मोठा असतो. गडद छटांतील सूक्ष्म भेद छपाईत बुजून एकच सपाट काळा डाग उरतो, आणि जे चित्र मुळात काळोखाच्या अनेक प्रतींनी श्वास घेते, ते निर्जीव व भयाण दिसू लागते. चित्राचे मूळ आकारमानही प्रतिकृतीत हरवते. हसणारा कोळी हे मूळ चित्र सुमारे अर्धा मीटर उंचीचे आहे. त्याच्या समोर उभ्या राहणाऱ्यास तो चेहरा आपल्या चेहऱ्याच्या पातळीवर भेटतो.

महाराष्ट्रातील कलाविद्यालयांत कोळसा हा पुतळ्यांवरून व जिवंत नमुन्यावरून अभ्यास करण्याचे साधन म्हणून दीर्घकाळ शिकविला गेला. त्यामुळे कोळसाचित्राकडे अपुरे, सरावाचे काम म्हणून पाहण्याची सवय सामान्य प्रेक्षकात रुजली आहे. वरील उदाहरणांवरून ती सवय किती अपुरी आहे हे स्पष्ट होते. रंगांचा आधार काढून घेतल्यावर छटा, कड, दाब व पुसट खूण यांवर अर्थाचा सर्व भार पडतो. आणि तो भार पेलणारे चित्र प्रेक्षकाकडूनही तितक्याच सावकाश पाहण्याची अपेक्षा करते. डोळा अंधाराला सरावण्यास जसा काही काळ लागतो, तसाच तो गडद चित्रालाही लागतो. तेवढा काळ दिल्यावर प्रारंभी एकसंध भासलेल्या काळ्यात निरनिराळे थर, पुसलेल्या रेषा व राखलेला उजेड दिसू लागतो. अर्थबोधाचा प्रारंभ तेथून होतो.